आधी डिकी मोजा, मग सबवूफर निवडा

प्रश्न तासगावहून आलाय. पेट्रोल बलेनो आहे, कंपनीचा टचस्क्रीन स्टिरिओ तसाच ठेवायचाय, पुढच्या दोन्ही दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (बारीक सुरांचा ट्वीटर वेगळा असलेले) बसवून झालेत. आता बेस हवाय. एका दुकानदारानं '३००० वॉट' लिहिलेला बारा इंची सब (सबवूफर, खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर), सोबत तयार पोर्टेड, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेला बॉक्स, असं सांगितलंय. मित्र म्हणतो, दोन दहा इंची घे. बजेट सगळं मिळून ३५ हजार. दर आठवड्याला पुण्याला जाणं-येणं, हंगामात डिकीत द्राक्षाच्या पेट्या, मागच्या सीटवर बऱ्याचदा आई-वडील, आणि वर्षभरात सीएनजी किट बसवायचा विचार. ऐकण्यात ढोलकीची गाणी, अभंग, सिनेमातली नवी गाणी. तर कोणता सब घेऊ?

बावीस वर्षं सांगलीत गाड्यांत साउंड बसवतोय. त्यात शिकलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सब हा सगळ्यात शेवटी ठरवायचा माल आहे. आधी डिकीत जागा किती देता येते ते ठरतं, त्यावरून बॉक्स, बॉक्सवरून सब, सबवरून अँप (अँप्लिफायर), अँपवरून वायर. आपल्याकडे हे उलटं होतं. माणूस काउंटरवर चमकणारा कोन (सबचा हलणारा पडदा) बघून सब घेतो आणि मग त्याला गाडीत कोंबायला बॉक्स शोधतो. माझ्याकडे 'बेस नुसता घुमतोय, मजा येत नाही' म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांत सब खराब असल्याचं क्वचितच निघतं. चूक बॉक्समध्ये किंवा जोडणीत असते.

बॉक्सचं महत्त्व आमच्या भागातल्या माणसाला समजावायला मला लांब जावं लागत नाही. मिरजेत जाऊन तानपुरा करणाऱ्या कारागिराच्या ओट्यावर तासभर बसा. भोपळा निवडताना तो किती वेळ घालवतो ते बघा. तारा बाजारात मिळतात, पण भोपळ्याचं पोट नीट नसेल तर तार कितीही चांगली असो, स्वर भरत नाही. सबचं पोट म्हणजे त्याचा बॉक्स. पण एक फरक ध्यानात ठेवा, कारण इथं पुष्कळ सुतार चुकतात. तानपुऱ्याचा भोपळा स्वतः गायला पाहिजे. सबच्या बॉक्सनं मात्र अजिबात गायचं नाही. त्याचं काम आतली हवा कोंडून धरणं एवढंच. फळी थरथरली की ती आपला स्वतःचा सूर मिसळते, आणि तोच तो 'घूं घूं' आवाज जो प्रत्येक गाण्यात सारखाच ऐकू येतो.

कोंडलेली हवा म्हणजे स्प्रिंग. कोन आत गेला की ती त्याला बाहेर ढकलते, बाहेर आला की आत ओढते. बॉक्स लहान तर स्प्रिंग कडक, मोठा तर मऊ. हे गणितात बसवायचं काम ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी केलं. म्हणूनच सबच्या डब्यात जो कागद निघतो त्यावरच्या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. बहुतेक जण तो कागद फेकून देतात. मी गिऱ्हाइकाला सांगतो, बिल हरवलं तरी चालेल, हा कागद जपा. आणि ज्या सबला असा कागदच नाही, फक्त डब्यावर मोठ्या अक्षरात वॉट छापलेत, तो घेऊच नका.

त्या कागदावरचे तीन आकडे तुम्हाला लागतील. एफएस म्हणजे मोकळ्या हवेत सब ज्या फ्रिक्वेन्सीला आपणहून डोलतो ती. क्यूटीएस म्हणजे तो डोलताना किती ताब्यात राहतो त्याचं माप. व्हास म्हणजे किती लिटर हवेची स्प्रिंग त्या सबच्या स्वतःच्या सस्पेन्शनइतकी कडक आहे, ते. समजा एका दहा इंचीचा एफएस ३४ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५० आणि व्हास ३० लिटर आहे. बंद म्हणजे सील्ड बॉक्ससाठी हिशोब सोपा आहे. व्हासला बॉक्सच्या लिटरनं भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. आलेल्या आकड्यानं क्यूटीएसला गुणलं की बॉक्ससकटचा क्यू मिळतो, आणि एफएसला गुणलं की बॉक्ससकटची फ्रिक्वेन्सी. ३० लिटरचा बॉक्स केला तर वर्गमूळ १.४१, क्यू ०.७० आणि फ्रिक्वेन्सी ४८ हर्ट्झ. हाच सब १५ लिटरमध्ये कोंबला तर क्यू ०.८७ आणि फ्रिक्वेन्सी ५९. ६० लिटरच्या पेटीत टाकला तर क्यू ०.६१, फ्रिक्वेन्सी ४२.

हा क्यू ०.७ च्या आसपास असला की बेस घट्ट येतो. ठोका येतो आणि थांबतो. तो ०.९-१ कडे गेला की आवाज फुगतो. काहींना ते आवडतं, त्यात चूक नाही, पण अभंगातला पखवाज त्यात मरतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावलेली असते, तिचा 'धूम' गोल असतो पण लांबट नसतो. सबनं तो लांबवला तर पुढचा बोल त्याच्याखाली दबतो. मी प्रत्येक गाडी शेवटी डग्ग्याच्या घिश्श्यावर तपासतो. तबलजी मनगट दाबून सूर वर चढवतो ना, तो चढ तुम्हाला सबमधून सलग ऐकू आला पाहिजे. एका ठिकाणी तो अचानक मोठा झाला आणि पुढे गायब झाला, तर बॉक्स किंवा क्रॉसओव्हर (सब आणि दारांचे स्पीकर यांच्यात सूर वाटून देणारी सीमा) चुकलाय, हे मला मीटर न लावता कळतं.

आता सील्ड की पोर्टेड. तुमच्यासाठी सील्ड, आणि त्याचं कारण तुमच्या गाडीतच आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. हॅचबॅकची आतली लांबी पुढच्या काचेपासून डिकीच्या दारापर्यंत अडीच मीटर धरा. ज्या लहरीची निम्मी लांबी या अडीच मीटरएवढी, तिची फ्रिक्वेन्सी येते ६९ हर्ट्झ. त्याच्या खाली लहर गाडीत मावतच नाही. मग गाडीतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि सुटते, आणि जसजसं खाली जावं तसतसा आवाज आपोआप वाढत जातो. पूर्ण बंद, कडक खोलीत हा फायदा प्रत्येक सप्तकामागे १२ डेसिबलपर्यंत जातो. गाडीची दारं, छत थोडं लवचीक असतं, फटी असतात, म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी मिळतो. आणि सील्ड बॉक्स खाली जाताना नेमका सप्तकामागे १२ डेसिबलनं उतरतो. एक उतरतो, दुसरा चढतो, दोघं मिळून ३० हर्ट्झच्या आसपासपर्यंत बेस जवळपास सपाट राहतो. छोट्या गाडीला निसर्गानं दिलेली ही भेट आहे. हुड नसलेल्या उघड्या जीपला ती मिळत नाही.

पोर्टेड बॉक्स त्याच्या ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला घुमतो तिच्या, आसपास जोरात वाजतो, यात वाद नाही. पण तिथून खाली तो सप्तकामागे २४ डेसिबलनं कोसळतो, आणि मुख्य म्हणजे ट्यूनिंगच्या खाली आतली हवा पोर्टमधून निसटते, त्यामुळे कोनला आवरायला स्प्रिंगच उरत नाही. सबसॉनिक फिल्टर (अतिखोल सूर अडवणारा) नसेल तर एका खोल सुरावर कोन आत-बाहेर फेकला जातो, कॉइल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी) मागच्या प्लेटवर आपटते आणि 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज पुन्हा पुन्हा झाला की सब गेला. चांगला पोर्टेड बॉक्स त्या एका सबसाठी मोजून बनवावा लागतो. दुकानात रचून ठेवलेला तयार बॉक्स कुठल्याच सबसाठी बनलेला नसतो. शिवाय जागा बघा. बारा इंचीच्या पोर्टेड बॉक्सला निव्वळ ५० लिटर धरले, तर पोर्ट आणि सबनं खाल्लेली जागा मिळून आत ६० आणि फळीची जाडी धरून बाहेरून ७९ लिटर होतात. बलेनोची डिकी ३१८ लिटरची. चौथा हिस्सा गेला. द्राक्षाच्या पेट्या कुठं ठेवणार?

म्हणून तुमच्यासाठी एक दहा इंची, सील्ड, ३० लिटरच्या आसपास. मापं अशी: आतून ४८ सेंटिमीटर लांब, ३० उंच, २२ खोल. गुणाकार ३१.७ लिटर. त्यातून सबचा चुंबक आणि बास्केट साधारण पावणेदोन लिटर जागा खातात, उरले ३०. मागची सीट कललेली असते, तेव्हा बॉक्सची पाठही तशीच कलती करा: वर १८ खोल, खाली २६, सरासरी २२. लिटर तेवढेच राहतात आणि बॉक्स सीटला चिकटून बसतो. वरच्या अंगाला १८ राहतात, तर सबची माउंटिंग डेप्थ (तो बॉक्सच्या आत किती खोल जातो ते) त्यात बसते ना, ते कागदावर बघून घ्या. चुंबकाच्या मागे दोन-तीन सेंटिमीटर हवा मोकळी पाहिजे. १८ एमएमची फळी धरून बाहेरून हे सगळं ४४ लिटरच्या आसपास जातं. बऱ्याच कागदांवर बॉक्सचं माप घनफुटात दिलेलं असतं. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. कंपनीनं सुचवलेलं सील्ड माप ०.८ ते १.१ घनफूट असेल तर तो सब या बॉक्समध्ये बसेल.

फळी कोणती, यावर माझं मत ठाम आहे आणि ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये झालं. महापूर ओसरल्यावर माझ्याकडे लागोपाठ गाड्या यायला लागल्या. एका गाडीतला एमडीएफचा बॉक्स मी हातानं उचलला तर कोपरा माझ्या हातातच राहिला. फळी बिस्किटासारखी फुगून १८ ची पंचवीसच्या वर गेली होती, सांधे उघडले होते, स्क्रू पिठात रुतल्यासारखे सुटे झाले होते. त्याच आठवड्यात दुसऱ्या गाडीतला, माझ्याच हातचा, प्लायचा बॉक्स आला. सब गेला होता, कापड कुजलं होतं, पण बॉक्स धुऊन सुकवून पुन्हा वापरता आला. पूर रोज येत नाही हे खरं. पण कृष्णाकाठचा पावसाळा, डिकीत ठेवलेली ओली छत्री, पेट्यांतून झिरपणारं पाणी हे दरवर्षी असतं. एमडीएफ आवाजाला चांगला असतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण इथं मी ७१० ग्रेडचा १८ एमएम मरीन प्लायच वापरतो, सांध्यांना आतून पट्टी आणि फेविकॉल, वरून सिलिकॉन, आणि समोरची फळी दुहेरी. तयार झाल्यावर कोनवर अलगद तळहात ठेवून आत दाबा आणि सोडा. तो सावकाश वर आला तर बॉक्स हवाबंद आहे. पटकन उसळला तर कुठंतरी गळतंय. बहुतेक वेळा टर्मिनलच्या कपाजवळून.

मित्राच्या दोन दहा इंचींबद्दल. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. दोन दहा इंचींचं मिळून कोनचं क्षेत्रफळ एका बारा इंचीपेक्षा जास्त भरतं, आणि एकाच्या जागी तेच दोन सब लावून प्रत्येकाला पूर्वीइतकीच पॉवर दिली तर खालच्या बेसला ६ डेसिबल जास्त मिळतात. पण बॉक्स दुप्पट, अँप दुप्पट, वायर जाड. तुमच्या डिकीत आणि बजेटमध्ये ते बसत नाही. कधी पुढे दोन लावलेच, तर दोन्ही एकाच मॉडेलचे, एकाच वेळी घेतलेले, आणि दोघांना समान लिटर. एक जुना आणि एक नवा, एक या कंपनीचा आणि एक त्या, अशी जोडी एका अँपवर लावू नका. दोघांचे कोन वेगवेगळ्या वेळी डोलतात आणि एकमेकांचा आवाज खातात. पैसे दोनाचे, बेस एकापेक्षा कमी.

आता '३०००' वॉट. तो पीक आकडा आहे, आणि पीक कसं मोजायचं हे ज्याचं तो ठरवतो. तुम्ही फक्त आरएमएस, म्हणजे सतत चालणारी पॉवर, बघा. अँपच्या बाबतीत सीटीए-२००६ असा शिक्का किंवा उल्लेख असेल तर तो आकडा १४.४ व्होल्टला, १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन ठेवून मोजलेला असतो, त्यावर विश्वास ठेवता येतो. आणखी एक गोष्ट, जी सांगितली की लोकांचा चेहरा पडतो: पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. ३०० आणि ६०० वॉटमध्ये ऐकायला मिळणारा फरक व्हॉल्यूमच्या एक-दोन खटक्यांचा आहे. एवढ्याशा गाडीत ३०० वॉट खरे आरएमएस पुरून उरतात.

सबचं आणि अँपचं लग्न ओमवर जुळतं. तुम्ही दोन कॉइलचा, प्रत्येकी ४ ओमचा सब घेतला, तर दोन्ही कॉइल पॅरलल जोडून २ ओम होतात, सिरीज जोडून ८. मग अँप असा हवा जो २ ओमला ३०० वॉट आरएमएस देईल आणि २ ओमवर चालायला बनलेला असेल. दोन कॉइल २-२ ओमच्या असतील तर पॅरलल १ ओम आणि सिरीज ४. तिथं १ ओम पेलणारा मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा अँप) नसेल तर सिरीजच जोडावं लागतं आणि अँप ४ ओमला किती देतो ते बघावं लागतं. सब घेतल्यावर 'अँप बघू' असं म्हणणारे इथं अडकतात. घरी असलेला अँप ४ ओमचा, सब २-२ चा. मग कुणीतरी पॅरलल जोडून देतो, अँप तापतो, प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो), पुन्हा सुरू केला की पुन्हा जातो, आणि एका उन्हाळ्यात कायमचा जातो.

हे मी दुसऱ्यांच्या चुका म्हणून सांगत नाही. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका माणसाच्या गाडीत मी दोन कॉइलचा सब जोडला. लाइट गेलेली, टॉर्चच्या उजेडात काम, आणि एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे लागले. एक कॉइल कोनला बाहेर ढकलत होती, दुसरी आत ओढत होती. कोन जागचा हलेना, आवाज जवळपास नाही. मला वाटलं गेन कमी आहे, म्हणून वाढवला. पाच मिनिटांत वार्निश जळाल्याचा वास आला. न हलणाऱ्या कोनमध्ये कॉइलला हवाच लागत नाही, सगळी पॉवर उष्णता होते. त्या माणसाला मी नवा सब दिला, आणि तेव्हापासून नऊ व्होल्टची साधी बॅटरी माझ्या खिशात असते. प्रत्येक कॉइलच्या प्लसला बॅटरीचं प्लस, मायनसला मायनस, क्षणभर टेकवायचं. कोन बाहेर उडाला पाहिजे, दोन्ही कॉइलला. मग जोडणी, आणि जोडून झाल्यावर पुन्हा एकदा टेकवून बघणं. तुमच्या फिटरनं हे केलं नाही तर तुम्ही करा, दहा सेकंद लागतात.

'कमी वॉटचा अँप सब जाळतो' असं सगळीकडे ऐकाल. कमी पॉवरनं सब जळत नाही. जळतो तो अँपला त्याच्या कुवतीबाहेर ओढल्यानं. लहर वरून-खालून कापली जाते, कापलेल्या लहरीत सरासरी पॉवर वाढते आणि कॉइल सतत तापत राहते. तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे आवाज आपोआप दबतो, मग माणूस व्हॉल्यूम आणखी वाढवतो. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी केलेली गाडी आधीच भट्टी झालेली असते. तेव्हा पहिली दहा मिनिटं, एसीनं डिकी निवेपर्यंत, जरा दमानं वाजवा.

गेन हा व्हॉल्यूमचा खटका नाही, तो स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवण्याचा स्क्रू आहे. लावायची रीत अशी: सबच्या वायरी अँपवरून काढा. बेस बूस्ट शून्य, स्टिरिओचा इक्वलायझर सपाट. ५० हर्ट्झचा शुद्ध टोन वाजवा; साधा मल्टिमीटर एसी व्होल्ट याच फ्रिक्वेन्सीला नीट वाचतो. स्टिरिओचा व्हॉल्यूम तीनचतुर्थांश. मीटर अँपच्या स्पीकर टर्मिनलला लावा. किती व्होल्ट हवेत? वॉट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ. ३०० गुणिले २ म्हणजे ६००, वर्गमूळ २४.५. गेन हळूहळू वाढवत मीटरवर २४-२४.५ आले की थांबा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. बेस कमी वाटला तर त्याचं उत्तर गेनमध्ये नाही, क्रॉसओव्हर आणि फेजमध्ये (सबचा आणि दारांच्या स्पीकरचा कोन एकाच वेळी पुढे येतो की नाही, त्यात) आहे.

तुमचा स्टिरिओ कंपनीचा, त्याला आरसीए (अँपला सिग्नल द्यायचं वेगळं सॉकेट) नाही. म्हणून हाय-लेव्हल इनपुट असलेला अँप घ्या आणि सिग्नल मागच्या स्पीकरच्या वायरीवरून उचला. कंपनीची हार्नेस (वायरींचा जुडगा) कापू देऊ नका. कपलरवर बसणारी जोड-हार्नेस मिळते, वॉरंटीचा वाद होत नाही. काही कंपनी-स्टिरिओ व्हॉल्यूम वाढला की बेस आपणहून कमी करतात. व्हॉल्यूम वाढवत जाताना तोच ५० हर्ट्झचा टोन मीटरवर वाढायचा थांबला तर तसंच आहे. मग त्या खालचा व्हॉल्यूम ही तुमची हद्द मानून गेन लावा.

वायरीत कंजुषी करू नका, इथंच सगळ्यात जास्त फसवणूक होते. ३०० वॉटचा क्लास-डी अँप बॅटरीतून पूर्ण जोरात साधारण ३० अँपिअर खेचतो. त्याला १० स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर पुरे. बाजारात 'किट' म्हणून मिळतं त्यात बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ती वायर तांब्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच करंट नेते. ब्लेडनं एक तार खरवडून बघा, आत चंदेरी दिसली तर परत द्या. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, ४० अँपिअरचा. हा फ्यूज अँपसाठी नसतो, वायर कुठं घासून पत्र्याला लागली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. ग्राउंड अर्ध्या मीटरच्या आत, पत्र्याचा रंग घासून चकचकीत करून. सीटबेल्टचा बोल्ट ग्राउंडसाठी वापरू देऊ नका.

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा: सबला लो-पास ८०, म्हणजे ८० च्या खालचेच सूर. पुढच्या कंपोनंटला पुढे कधी अँप लावलात तर त्यांना हाय-पास ८० (त्यावरचेच सूर), म्हणजे दाराचे स्पीकर मोकळे होतात. मग दोन माणसं लागतात. एक ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, दुसरा मागे फेजचा खटका ० आणि १८० मध्ये फिरवतो. ज्या बाजूला ढोलकी पुढून, डॅशबोर्डवरून वाजतेय असं वाटेल, ती बाजू बरोबर. बेस डिकीतून येतोय हे कळता कामा नये. कळत असेल तर लो-पास ७० ला उतरवा. हे जुळवणं गॅरेजमध्ये अर्धंच होतं. पेठ नाक्यावरून हायवेला लागलात की टायरचा आणि वाऱ्याचा आवाज सुरू होतो, तो बराचसा खालच्या सुरांतच असतो आणि सबला झाकतो. उभ्या गाडीत किंचित जास्त वाटणारा बेस खंबाटकी येईपर्यंत बरोबर वाटायला लागतो. म्हणून डॅशखाली बेसचा रिमोट नॉब घेतलाच पाहिजे, असं माझं म्हणणं. मागे आई-वडील बसले की तो कमी करता येतो. सबच्या सगळ्यात जवळ तेच असतात. आणि मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्याला वळताना तो शून्यावर आणा. दवाखान्यांभोवती शांतता क्षेत्राचा नियम तर आहेच, पण बेस भिंतीतून जातो आणि आत माणसं झोपलेली असतात.

३५ हजारांची वाटणी मी अशी करीन: सब आणि बॉक्सला साधारण १३, अँपला १२, तांब्याची वायर, फ्यूज आणि हार्नेसला ४, उरलेले ६ पुढच्या दोन दारांच्या डँपिंगला (पत्रा थरथरू नये म्हणून आतून चिकटवायचा थर) आणि मजुरीला. दारांचे पैसे काढून सबमध्ये घालायचा मोह होईल, तो आवरा. दाराचा पत्रा मोकळा असेल तर ८० ते २०० हर्ट्झचा भाग पोकळ राहतो, सब आणि दार यांच्यामध्ये खड्डा पडतो, आणि मग कितीही मोठा सब लावा, ढोलकीचं पोट सापडत नाही.

सीएनजीचं आधीच सांगितलंत ते बरं केलंत. किट बसवून घेणार हे नक्की असेल तर बॉक्स आत्ता पक्का करू नका. सिलिंडर सीटच्या पाठीला लागतो, म्हणजे मी वर सांगितलेली जागा जाते. अशा वेळी आठ इंचीचा, १२-१५ लिटरचा सील्ड बॉक्स डिकीच्या एका कोपऱ्यात, किंवा सीटखालचा अँपसकटचा बारीक सब, हे दोनच मार्ग शहाणपणाचे. सीटखालच्या सबकडून ४० हर्ट्झच्या खाली फार अपेक्षा ठेवू नका, पण अभंगाला आणि ढोलकीला तो पुरतो. सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचलाच पाहिजे, बॉक्स त्याच्या आड येता कामा नये, आणि डिकीच्या तळात एकही स्क्रू मारू द्यायचा नाही. खालून गॅसची नळी जाते आणि पुढे पेट्रोलची टाकी असते. बॉक्स पट्ट्यानं बांधा, पण घट्ट बांधा. पंधरा किलोचा सुटा बॉक्स अचानक ब्रेक लागला की सीटवर येऊन आदळतो.

सगळं झाल्यावर २५ पासून ८० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा टोन लावून गाडीभोवती एक फेरी मारा. पहिल्यांदा नंबर प्लेट खडखडेल, मग पार्सल ट्रे, मग मागच्या दाराचं कुलूप. प्लेटच्या मागे फोमच्या दोन पट्ट्या, ट्रेच्या खाचांना फेल्ट, कुलपाच्या रबरावर एक फेरा टेप. महिन्याभरानं सबचे आठही स्क्रू एकदा आवळा, समोरासमोरचे जोडीनं, चाकाच्या नटासारखे. प्लाय बसला की ते हमखास पाव फेरा ढिले झालेले असतात.